काचबिंदूचे थेंब: लॅटानोप्रोस्ट की टिमोलॉल?

कोल्हापूरच्या लक्ष्मीपुरीतील आमच्या औषधांच्या दुकानात काचबिंदूचे निदान नुकतेच झालेले रुग्ण येतात, तेव्हा त्यांच्या चिठ्ठीवर बहुधा या दोहोंपैकी एक नाव असते. दोन्ही थेंब डोळ्यातील दाब उतरवतात. पण एक निचरा वाढवतो आणि दुसरा पाण्याची आवकच कमी करतो, आणि निवडीचा प्रश्न या फरकापासूनच सुरू होतो.

डोळ्याच्या पुढच्या भागात दर मिनिटाला साधारण 2 ते 2.5 मायक्रोलिटर पाणी तयार होते. त्यातील बरेचसे बुबुळाच्या कोनातील बारीक जाळीतून बाहेर पडते आणि उरलेले सिलिअरी स्नायूच्या, म्हणजे डोळ्यातील भिंगाचा आकार बदलणाऱ्या स्नायूच्या, तंतूंमधून झिरपते. राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे पाण्याची पातळी वाढली की आपोआप उघडतात, तशी ही जाळीही दाब वाढला की जास्त पाणी सोडते. खुल्या कोनाच्या काचबिंदूत, म्हणजे कोन मोकळा असूनही दाब वाढणाऱ्या प्रकारात, मात्र जाळीचा अडथळा वाढतो आणि दाब चढून दृष्टीच्या नसेला इजा होऊ लागते.

लॅटानोप्रोस्ट दुसऱ्या वाटेवर काम करते. ते सिलिअरी स्नायूवरील प्रोस्टाग्लँडिन रिसेप्टरला (रिसेप्टर म्हणजे पेशीवरची ठरावीक रसायन ओळखणारी जागा) जाऊन चिकटले की पेशी कोलॅजन हे तंतूंमधले प्रथिन विरघळवणारी एन्झाइम्स सोडतात, तंतूंमधील फटी रुंदावतात आणि झिरपणे वाढते. दाब साधारण 25 ते 33 टक्के उतरतो. रात्री एकच थेंब पुरतो आणि त्याचा परिणाम रात्रभरही टिकतो.

टिमोलॉल बीटा रिसेप्टर (अ‍ॅड्रेनलिनसारख्या संदेशांना प्रतिसाद देणाऱ्या जागा) अडवून पाणी बनवणाऱ्या पेशींचा वेग कमी करते. दाब साधारण 20 ते 25 टक्के उतरतो. थेंब बहुधा दिवसातून दोनदा घालावे लागतात. झोपेत पाण्याची निर्मिती मुळातच निम्म्याच्या आसपास येते, त्यामुळे रात्री या औषधाला कमी करण्यासारखे फारसे उरत नाही. किमतीने मात्र ते बरेच स्वस्त आहे, आणि महिन्यामागून महिना, वर्षानुवर्षे घ्यायच्या औषधात ही बाब लहान नाही.

माझ्या मते खरा निर्णय टक्क्यांवर ठरत नाही. तोच रिसेप्टर शरीरात आणखी कुठे आहे, यावर ठरतो. बीटा रिसेप्टर हृदयात आहेत आणि श्वासनलिकेतही आहेत. डोळ्यातला थेंब अश्रुनलिकेतून नाकात उतरतो आणि यकृताला वळसा घालून थेट रक्तात मिसळतो. कागलकडचे एक वयस्क गृहस्थ टिमोलॉलची चिठ्ठी घेऊन आले होते, आणि त्यांच्या सदऱ्याच्या खिशातून दम्याचा पंप डोकावत होता. विचारल्यावर म्हणाले, “डोळ्याच्या डॉक्टरांना छातीचं काय सांगायचं?” मी त्यांना औषध न देता तसेच डॉक्टरांकडे परत पाठवले. दमा, श्वासनलिकांचा जुनाट आजार, हृदयाचे मंद ठोके किंवा हार्ट ब्लॉक (हृदयातील ठोक्यांचा विद्युत संदेश अडणे) असलेल्यांनी टिमोलॉल टाळायचे असते.

लॅटानोप्रोस्टची किंमत डोळ्याच्या आसपासच मोजावी लागते: लाली, लांब आणि दाट होणाऱ्या पापण्या, पापणीच्या त्वचेवरचा काळसरपणा. एकाच डोळ्यात थेंब घालणाऱ्याला दोन्ही डोळ्यांतील फरक आरशात स्पष्ट दिसतो. डोळ्याच्या आत पूर्वी सूज येऊन गेली असेल, तर तेही डॉक्टरांना आधी सांगावे. न उघडलेली बाटली सहसा फ्रिजमध्ये ठेवावी लागते. वेष्टनावरील सूचना पाहून घ्यावी. घरी फ्रिज नसेल तर दोन-तीन बाटल्या एकदम नेऊ नयेत.

या दोहोंखेरीज इतर थेंबही आहेत. ब्रिमोनिडीन अल्फा-2 या वेगळ्या रिसेप्टरवरून आवक आणि निचरा या दोन्हींवर परिणाम करते, पण तोंड कोरडे पडते, झोप येते आणि लहान बाळांना ते घातक ठरते. पायलोकार्पिन स्नायू आकुंचित करून जाळी ताणून उघडते. बाहुली बारीक होऊन संध्याकाळी अंधुक दिसत असल्याने रोजच्या वापरातून ते मागे पडले आहे.

थेंब कोणताही असो, तो घातल्यावर डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा दोन मिनिटे बोटाने दाबून धरावा, म्हणजे नाकात उतरणारे औषध कमी होते. टिमोलॉलसाठी तर हे फारच महत्त्वाचे आहे. एका औषधाने दाब पुरेसा उतरला नाही, तर दोन्ही औषधे एकत्र असलेली बाटली देतात. तिच्या मोठ्या अक्षरांतल्या नावात टिमोलॉल दिसेलच असे नाही, म्हणून दम्याच्या रुग्णाने तिचे बारीक अक्षरांतले लेबल दुकानातच वाचून घ्यावे.