मायक्रो-मेशचा नऊ पॅडचा संच: पाईपच्या जुन्या नळीवर वापरून पाहिल्यानंतर

आमचे थोरले काका व्यापारी जहाजावर इंजिनिअर होते. त्यांनी डब्लिनमध्ये घेतलेला तंबाखू ओढायचा पाईप, पीटरसन या आयरिश कंपनीचा ‘सिस्टीम’ नावाचा, डॉक्टरांनी तंबाखू बंद केल्यापासून, दिवाणखान्यातल्या काचेच्या कपाटात पडून होता. अलीकडे रिकामाच पाईप दातांत धरून वर्तमानपत्र वाचण्याची त्यांना पुन्हा हुक्की आली. परंतु तोंडात धरताच जिभेवर कडवट चव उतरू लागली, म्हणून त्यांनी तो माझ्या हवाली केला. नळीची, म्हणजे तोंडात धरायच्या भागाची, खिडकीकडे राहिलेली बाजू शेवाळलेल्या भिंतीसारखी हिरवट-तपकिरी झाली होती आणि भिंतीकडची बाजू मात्र बऱ्यापैकी काळी होती. दोष कशाचा आहे, हे त्या दोन बाजूंकडे पाहताच कळत होते.

जुन्या पाईपांच्या नळ्या बहुधा एबोनाइटच्या, म्हणजे भरपूर गंधक घालून कडक केलेल्या रबराच्या असतात. या रबरात गंधकाचे प्रमाण 30 टक्क्यांच्या आसपास असते. ऊन आणि दमट हवा लागत राहिली की पृष्ठभागाचे ऑक्सिडेशन होते, रंग उतरतो आणि ती कडू चव येते. हा थर काढल्याखेरीज वरून कितीही तेल चोळले, तरी चमक दोन दिवसांपलीकडे टिकत नाही. अॅक्रिलिकच्या नळ्यांना हा त्रास होत नाही, पण त्या दातांना कडक लागतात आणि काकांना त्या कधीच आवडल्या नाहीत.

यापूर्वी दुसऱ्या एका पाईपची नळी मी एका दुरुस्तीच्या दुकानात दिली होती. तेथे ती सरळ बफिंगच्या, म्हणजे झिलई देणाऱ्या फिरत्या कापडी चाकावर धरण्यात आली. नळी आरशासारखी चकचकीत होऊन आली खरी, परंतु तिच्यावरचा शिक्का जवळजवळ पुसला गेला होता आणि दातांत अडकवण्यासाठी असलेली टोकाची कड साबणाच्या वडीसारखी गोल झाली होती. गेलेली कड परत आणता येत नाही. म्हणून या वेळी काम हातानेच करायचे ठरवले आणि मायक्रो-मेश या घासून झिलई देणाऱ्या पॅडचा संच मागवला.

ही पॅड काही पाईपसाठी काढलेली नाहीत. विमानांच्या अॅक्रिलिक खिडक्यांवरचे ओरखडे काढण्यासाठीही हेच साहित्य वापरले जाते. संचात 1500 पासून 12000 पर्यंत नऊ पॅड येतात; आकडा जितका मोठा, तितके पॅड बारीक. मध्ये स्पंज आणि दोन्ही बाजूंना घासण्याचे कापड अशी त्यांची रचना असल्यामुळे नळीच्या गोलाईवर ती नीट बसतात. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी: यावरचा 1500 हा आकडा हार्डवेअरच्या दुकानातल्या वॉटर पेपरच्या 1500 शी जुळत नाही. मायक्रो-मेशचे 1500 त्याहून बरेच भरड असते. हे ठाऊक नसल्यामुळे मी आधी 1500 चा वॉटर पेपर फिरवला आणि मग संचातले पहिले पॅड हाती घेतले, म्हणजे गुळगुळीत केलेल्या नळीवर पुन्हा ओरखडे पाडून बसलो.

पहिली तीन पॅड पाण्यात बुडवून वापरावीत. पहिल्या दहा मिनिटांत अंगठ्यावर मोहरीच्या चटणीसारखा पिवळट-तपकिरी लगदा जमला आणि खोलीत पंक्चरवाल्याच्या दुकानातला वास पसरला. फडक्यावर पिवळेपणा येणे थांबेपर्यंत पुढच्या पॅडला हात लावू नये, कारण या संचाची सर्वांत मोठी मर्यादा हीच आहे की तो झिलई उत्तम देतो, परंतु ऑक्सिडेशनचा जाड थर एकट्याने काढणे त्याला जड जाते. शेवटी मला 600 च्या वॉटर पेपरकडे जाऊन पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागली. त्यानंतर 3200 पासून 4000 पर्यंतच्या टप्प्यात काळा रंग जसा खालून वर येतो, ते पाहण्यासारखे असते. 8000 नंतरचा फरक मात्र मला तरी दिव्याखाली धरूनच दिसला.

पीटरसनच्या या नळीचे टोक इतरांहून वेगळे आहे. 1898 मध्ये पेटंट घेतलेल्या या ‘पी-लिप’मध्ये धुराचे छिद्र समोर नसून वरच्या बाजूला, टाळूच्या दिशेने उघडते. त्या छिद्राभोवतीच्या पायरीवर चौकोनी पॅड पोहोचत नाही. मी 2400 च्या पॅडची एक पट्टी कात्रीने कापून ती आगकाडीला गुंडाळली आणि तेवढ्याच भागावर अर्धा तास घालवला. आतली स्वच्छता आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाईप क्लीनरने, म्हणजे धाग्याची लव असलेल्या लवचीक तारेने केली. पहिले सहा क्लीनर कॉफीच्या गाळासारखे काळे होऊन बाहेर आले. अॅक्रिलिकच्या नळीत मात्र अल्कोहोल घालू नये, तिला बारीक तडे जाण्याची भीती असते.

दातांचे खळगे काढण्यासाठी मी नळीचे टोक मेणबत्तीच्या ज्योतीवरून फिरवले. एबोनाइट तापले की दबलेला भाग बराचसा वर येतो, हे खरे. पण नळी सरळ घडवून नंतर वाकवलेली असते आणि जास्त उष्णता मिळाली की ती पुन्हा सरळ व्हायला पाहते. माझ्या हातून तेच झाले. मग आत क्लीनर घालून, गरम पाण्यात बुडवून, बाटलीवर टेकवून तिला पूर्वीचा बाक द्यावा लागला.

काकांनी नळी उजेडात फिरवून पाहिली, तोंडात धरली आणि म्हणाले, “कडूपणा गेला बघ. पण माझे दात जिथे बसायचे ती जागा का रे बुजवलीस?” दुसऱ्याच्या पाईपवर काम करताना हा प्रश्न आधी विचारून घ्यावा.

आजवर पाच नळ्या या एकाच संचावर झाल्या आहेत. पॅड साबणाच्या पाण्याने धुऊन वाळवली की पुन्हा चालतात. 1500 आणि 1800 ची धार मात्र गेली आहे, तर शेवटची तीन अजून नवीकोरी वाटतात. त्यामुळे सुटी पॅड मिळत असतील, तर पहिली दोन जास्तीची घ्यावीत. काम झाल्यावर मी औषधांच्या दुकानात मिळणाऱ्या लिक्विड पॅराफिनचा एक थेंब चोळून पुसून घेतो. खोबरेल वापरू नये, ते खवट होते. काकांचा पाईप आता खिडकीपासून दूर, लाकडी खणात असतो.