होम आयसीयू कॅशलेस म्हणून 98,700 ला गंडवलं, खारघर-पनवेलवाल्यांनो सावध रहा

आईला न्यूमोनिया, ऑक्सिजन खाली यायला लागलेला, दोन हॉस्पिटलांनी फोनवरच सांगितलं आयसीयू बेड नाही. मेडिकलच्या काउंटरवरच्या पत्रकातून होम आयसीयूवाल्याचा, म्हणजे घरीच आयसीयूसारखी मशीन आणि नर्स देणाऱ्याचा नंबर मिळाला. माणूस अर्ध्या तासात मशीन घेऊन हजर, हेल्थ कार्डचा फोटो काढला आणि म्हणे ताई तुमच्या पॉलिसीत डोमिसिलिअरी आहे, म्हणजे घरच्या उपचाराचे पैसे मिळतात, सगळं कॅशलेस करून देतो. दहा मिनिटांत व्हॉट्सॲपवर 1,20,000 चं अप्रूव्हल आलं, वर विमा कंपनीचा लोगो. क्लेम नंबर कुठेच नव्हता!! आणि क्यूआर स्कॅन केला तर स्क्रीनवर एजन्सीचं नाही, कुठल्यातरी बाईचं नाव. मी विचारलं पण होतं. म्हणाला मालकांच्या मिसेसचं खातं, अप्रूव्हलचे पैसे आले की डिपॉझिट परत. आई धापा टाकत होती, तिथे कोण वाद घालत बसेल? 40,000 डिपॉझिट, मग नर्स आणि औषधांचे म्हणून 58,700. आई बरी झाली आणि यांचा फोन बंद.

कंपनी म्हणते असं अप्रूव्हल आम्ही दिलंच नाही, पण हेच लेखी द्या म्हटलं तर देत नाहीत. रिएम्बर्समेंटला टाकलं तर रिजेक्ट, कारण बेड नसल्याचं हॉस्पिटलचं पत्र नाही आणि बिलावरच्या डॉक्टरचा रजिस्ट्रेशन नंबर खोटा. म्हणून बेड नाही म्हटलं की ते लेखी मागाच, निदान मेसेजवर तरी. पोलिस स्टेशनला म्हणाले पैसे तुम्ही स्वतःच दिले ना, सायबरला जा. सायबरवाले म्हणे माणूस घरी आला होता म्हणजे ही आमची केस नाही, परत तिकडेच जा. सिनियर सिटिझनच्या जिवाशी खेळ झालाय आणि यांना हद्दीची पडलीय, साधी अर्जाची पोच द्यायला पण ताटकळत ठेवलं. ऑनलाइन पैसे गेले तर आधी 1930 या सायबर हेल्पलाइनला फोन करा, हे मला कोणी वेळेवर सांगितलं नाही.

आणि घरच्या उपचाराचं कव्हर कोणी गळ्यात मारत असेल तर कलम वाचा, बऱ्याच पॉलिसीत उपचार सलग 3 दिवसांच्या वर चालावे लागतात, दमा, ब्राँकायटिस, डायबिटीस तर वगळलेलेच असतात. अप्रूव्हल खरं का ते कार्डावरच्या नंबरवर स्वतः विचारा. कंपनी दाद देत नसेल तर विमा नियामक IRDAI च्या बीमा भरोसा पोर्टलवर तक्रार टाका, मी टाकलीय. या पट्ट्यात अजून कोणाला असाच माणूस भेटला असेल तर प्लीज पोलिसात अर्ज द्या, एकटीच्या अर्जाला ते विचारत नाहीत.