व्हिट्संडे बेटं, शिडाची बोट, दोन रात्री: पैसे भरून शीड चढवायचा विंच फिरवून आलो

आधीच सांगतो, बोटीचं आणि कंपनीचं नाव टाकणार नाहीये. कारण मला ज्या गोष्टींचा वैताग आला त्यातल्या निम्म्या असल्या सगळ्याच बोटींवर असणार, आणि उरलेल्या निम्म्यांबद्दल कंपनीला मेल टाकला होता, त्यावर पुढच्या ट्रिपसाठी १० टक्के डिस्काउंटचं कुपन आलंय, म्हणजे त्यांच्या बाजूने विषय संपला. हे लिहितोय ते आपल्या लोकांसाठी, जे ब्रिस्बेन-सिडनी-मेलबर्नला शिकायला नाहीतर नोकरीला आहेत आणि सुट्टीत क्वीन्सलंडला जायचं म्हटलं की निळं पाणी आणि त्यात पांढऱ्या वाळूच्या नागमोडी रेघा असला फोटो बघून डायरेक्ट कार्ड काढतात. मी पण तसंच काढलं होतं.

दोन रात्री तीन दिवस, माणशी साधारण ६०० डॉलर, म्हणजे तेव्हाच्या दराने आपले तेहतीस-चौतीस हजार. आता हे तीन दिवस म्हणजे काय, तर पहिल्या दिवशी दुपारी दोनला निघायचं आणि तिसऱ्या दिवशी सकाळी साडेअकराला परत धक्क्यावर. गणित तुमचं तुम्ही करा.

मी आणि माझा रूममेट, तो नागपूरचा, मी सांगलीचा. जुलैचा ब्रेक होता. प्रोसरपाइनला उतरलो आणि एअरली बीचला, म्हणजे बोट सुटते त्या गावाला, जायला बसमध्ये बसलो तर दोन्ही बाजूंना ऊस! मला वाटलं चुकून इस्लामपूर रोडला लागलो. प्रोसरपाइन हे साखर कारखान्याचं गाव, आणि ऊस वाहायला ट्रॅक्टर-बैलगाडी नाही तर छोटी रेल्वे, शेताशेतातून रूळ टाकलेत. आणि आपला गळीत हंगाम दिवाळीच्या आसपास सुरू होतो, यांचा जूनमध्ये, कारण तेव्हा इकडे थंडी. मी खिडकीला नाक लावून बसलेलो आणि शेजारी हा म्हणतो, "समुद्र पाहाले आलो आपण, तू ऊस काहून पाहून राहिला बे?"

बोट म्हणजे जुनी रेसची यॉट. इकडे दर २६ डिसेंबरला सिडनीहून होबार्टला बोटींची रेस सुटते, ६२८ सागरी मैलांची, १९४५ पासून चालू आहे. त्यात पळून पळून रिटायर झालेल्या मोठ्या बोटींना इथे आणून आत बंक ठोकलेत आणि बॅकपॅकर भरलेत. हे बुक करताना कळलं पाहिजे, कारण रेसची बोट पळायला बनवलेली असते, झोपायला नाही. आत शिरलं की छप्पर डोक्याला, सामान ठेवायला जागा नाही, म्हणून चाकाची बॅग चालतच नाही, मऊ पिशवी आणा म्हणून मेलमध्ये लिहिलेलं असतं ते खरंच पाळा. बूट-चप्पल धक्क्यावरच गोळा करतात. काचेची बाटलीसुद्धा बंद. दारू स्वतःची आणायची ती कॅन नाहीतर खोक्यातली वाइन, तिला इकडे गून म्हणतात, खोक्याच्या आत चांदीच्या रंगाची पिशवी असते, चव विचारू नका. तर काच बंद म्हणजे काच बंद, माझ्याकडे आईने पाठवलेल्या लिंबाच्या लोणच्याची बाटली होती ती पण अडवली. धक्क्यावर उभं राहून चमच्याने लोणचं झिपच्या पिशवीत भरत होतो आणि मागे लाइनमध्ये पंचवीस गोरी पोरं-पोरी बघत उभी.

झोपायची व्यवस्था. आम्हा दोघांना मिळून एक डबल बंक. सांगली-मुंबई स्लीपरमधला वरचा डबल आठवा, त्यातून पडदा काढा, चार इंच रुंदी काढा आणि डिझेलचा वास घाला. आमच्या डोक्यावरचं झाकण गळकं होतं, दुसऱ्या रात्री पाऊस आला आणि गादीचा एक कोपरा भिजला. सांगितलं तर एक टॉवेल दिला. एवढंच. टॉयलेट हातपंपाचं, वीस-पंचवीस वेळा दांडा मारायचा, आणि सगळ्या बोटीला मिळून दोन. आंघोळीला गोडं पाणी कमी असतं त्यामुळे दिवसाला दोन मिनिटं, तेही मागच्या बाजूला सगळ्यांसमोर पोहायच्या कपड्यांवर. ज्यांना हे वाचूनच नको वाटतंय त्यांनी कॅटॅमरानची (दोन सांगाड्यांची रुंद बोट) महागडी ट्रिप बघावी, किंवा दिवसाची करून रात्री हॉस्टेलला झोपावं, त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही.

पहिल्या दिवशी वारा पडलेला. म्हणजे शिडाच्या बोटीत बसून इंजिनवर चाललो, धक्क्यापासून नांगर टाकेपर्यंत. मला तर मांडव्याची लाँच आठवली, फक्त तिकडे सीगलना खायला फेकता येतं. शीड गुंडाळून ठेवलेलं आणि सगळे फोटो काढतायत. तेव्हा मला वाटलं फसलो. पण कप्तानबाई (हो, बाई होती, न्यूझीलंडची, आवाज एकदम पीटीच्या मास्तरांसारखा) गोष्टी चांगल्या सांगायची. या सामुद्रधुनीतून कॅप्टन कुक १७७० च्या जूनमध्ये गेला, तो दिवस व्हिट संडे म्हणजे ईस्टरनंतरचा सातवा रविवार होता म्हणून त्याने तेच नाव देऊन टाकलं. गंमत म्हणजे तेव्हा आंतरराष्ट्रीय वाररेषा नव्हतीच, आजच्या हिशोबाने इकडे सोमवार उजाडलेला होता. म्हणजे नावातच वार चुकलाय. आणि कुकच्या आधी हजारो वर्षं इथे न्गारो लोक राहत होते, झाडाच्या सालीच्या होड्या घेऊन या बेटावरून त्या बेटावर जायचे. आम्ही रात्री नांगर टाकला त्या नारा इनलेट नावाच्या खाडीच्या वर डोंगरात त्यांची गुहा आहे, आत भिंतीवर चित्रं आहेत, आणि तिथे माणसं राहिल्याच्या खुणा साधारण नऊ हजार वर्षांमागच्या आहेत. आम्हाला गुहेत नेलं नाही, वेळ नाही म्हणाले. संध्याकाळी पाचला नांगर टाकून जेवण साडेसातला, तरी वेळ नाही. हा माझा सगळ्यात मोठा राग.

बेटांबद्दल एक सांगू का, मला पाम-नारळाची सपाट बेटं दिसतील असं वाटलेलं, तसं काही नाही. ही ७४ बेटं म्हणजे बुडालेले डोंगर आहेत, हिमयुगानंतर समुद्राची पातळी वाढली आणि टोकं तेवढी वर राहिली. ज्यांनी कोयनेचं बॅकवॉटर बघितलंय, बामणोली-तापोळ्याला होडीत बसलेत, त्यांना बघताक्षणी कळेल, तसंच पाण्यातून उभं वर जाणारं रान, तशाच आत घुसलेल्या खाड्या. फक्त झाडं वेगळी, कड्यावर सरळसोट हूप पाइन उभे. पाण्याखाली पायथे आहेत हे डोक्यात आलं की बेटांकडे बघायची नजरच बदलते.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते फोटोवालं ठिकाण. टंग बेला छोट्या रबरी बोटीतून उतरवतात, दहा-पंधरा मिनिटं चढ, आणि वरून दिसतं हिल इनलेट, म्हणजे व्हाइटहेवन किनाऱ्याच्या टोकाची खाडी. आता लक्ष देऊन वाचा. तो फोटो ओहोटीचा असतो. वाळूच्या त्या रेघा पाणी उतरलं की दिसतात. आम्ही पोचलो तेव्हा पूर्ण भरती, सगळं एकसारखं फिकट निळं, छान होतं पण त्या फोटोसारखं अजिबात नाही. बोटीचं टाइमटेबल ठरलेलं, भरती-ओहोटी त्यांच्यासाठी थांबत नाही आणि ते तिच्यासाठी थांबत नाहीत. बुक करायच्या आधी त्या तारखेचं भरतीचं कोष्टक नेटवर बघा आणि कंपनीला विचारा की सकाळी किती वाजता वर नेणार. हा एक प्रश्न मी विचारला असता तर हा परिच्छेद लिहावा लागला नसता. कोकणातल्या लोकांना हे आपोआप सुचलं असतं, आम्हाला समुद्र म्हणजे गणपतीपुळे, वर्षातून एकदा.

वाळू मात्र खरीच. ९८ टक्के सिलिका, इतकी बारीक की चालताना चुकचुक आवाज येतो, आणि उन्हात तापत नाही, भर दुपारी अनवाणी चाललो. घरी न्यायची नाही, नॅशनल पार्क आहे, दंड होतो. फोन त्या वाळूपासून जपा, माझ्या चार्जिंगच्या पोर्टमध्ये अजून आहे ती, म्हणजे एका अर्थाने घरी आणलीच.

मग हुक बेटाच्या उत्तरेला स्नॉर्कलिंग. अंगभर लायक्राचा सूट घालतात, जेलीफिशपासून वाचायला. मुख्य सीझन नोव्हेंबर ते मे, पण ते बाराही महिने घालायला लावतात, आणि त्याचं भाडं वेगळं हे बोटीवर चढल्यावर कळतं. मी विहिरीत पाठीला डबा बांधून पोहायला शिकलेला माणूस, इथे बगलेत फोमचा लांब दांडका दिला, तत्त्व तेच. तोंड पाण्यात घातलं आणि पहिली पाच मिनिटं नुसती धडपड, नळीतून खारं पाणी पोटात. नंतर एकदम शांत वाटलं, आणि समोरून माओरी रास नावाचा मासा आला, हिरवट निळा, कपाळाला टेंगूळ, आकाराने आमच्या दारातल्या कुत्र्याच्या दुप्पट, आणि तो घाबरला नाही, मीच घाबरलो. प्रवाळाबद्दल खोटं लिहीत नाही, ब्रोशरसारखं रंगीत नाहीये. मार्च २०१७ ला डेबी चक्रीवादळ इथूनच गेलं, हुक बेटाभोवतीचं बरंच प्रवाळ तुटलं, तळाला अजून मोडक्या काड्यांचा खच दिसतो आणि त्यावर नवं उगवतंय. मला ते नवं उगवणारं बघायला जास्त आवडलं. गाइड पोरगी जीव तोडून दाखवत होती, हे बघ, हे दोन वर्षांचं असेल. तिला पाचपैकी पाच.

पोहायचं कुठे आणि कुठे नाही हे क्रू सांगतो, ते ऐका. सिड हार्बर नावाची एक शांत जागा आहे, बोटी रात्री थांबतात तिथे, दिसायला एकदम तलाव, पण २०१८ ला तिथे लागोपाठ शार्कचे हल्ले झालेत, आता पाण्यात उतरायचं नाव नाही.

जेवण: पास्ता, बर्गर, सॉसेज, भरपूर. शाकाहाऱ्यांना तोच पास्ता चिकन वगळून आणि मक्याच्या टिक्क्या, दोन्ही रात्री. उपाशी राहत नाही पण तोंडाला चव नाही. लोणच्याची पिशवी पहिल्या रात्री बाहेर काढली, एका जर्मन पोराने अख्खी फोड जॅमसारखी ब्रेडवर ठेवून खाल्ली आणि बराच वेळ काही बोललाच नाही. बाकी मंडळी चांगली होती, बहुतेक एकोणीस-वीसची, आम्ही सत्तावीसचे म्हणजे काका. रात्री अकरापर्यंत गाणी आणि गून, नंतर कप्तानबाई येऊन बंद करायची. दारू न पिणाऱ्याला कोणी आग्रह करत नाही.

आता ज्याच्यासाठी पैसे दिले ते. तिसरा दिवस. रात्री पाऊस होऊन गेला आणि सकाळी आग्नेयेकडून वारा लागला, वीस नॉटच्या (ताशी सदतीस किलोमीटर) वर. लँगफर्ड बेटाच्या वाळूच्या दांड्यावर अर्धा तास उतरवलं आणि मग घाईघाईत परत बोलावलं, शीड चढवायचंय म्हणून. विंच म्हणजे रहाट समजा, पण आडवा, दोन बाजूंनी दोन-दोन माणसं, आणि ती ओरडेल तसं फिरवायचं, दोरी गुंडाळत जाते आणि डोलकाठीवर ते एवढं मोठं कापड चढत जातं. मधेच दिशा उलटी. दोन मिनिटांत दंड भरून आले. मग तिने इंजिन बंद केलं.

हे लिहून सांगता येणार नाही, तरी सांगतो. दीड दिवस कानात घरघर होती ती एकदम गेली आणि बोट कलली. थोडी नाही, खालची कड पाण्यात. आम्ही सगळे वरच्या कडेवर पाय बाहेर सोडून ओळीने बसलेलो, एसटीच्या टपावर बसल्यासारखे, आणि खालून समुद्र पळतोय. टॅक करायचं म्हणजे बोट वळवायची तेव्हा तिचा आवाज, सगळ्यांनी बूमच्या (शिडाच्या खालच्या कडेचा आडवा दांडा) खालून रांगत पलीकडे, कारण आता ती कड वर येणार. चुकलात तर डोकं फुटेल, ती तसंच म्हणाली. एकदा लांबवर देवमाशाचा फवारा दिसला (जून ते सप्टेंबर हंपबॅक येतात इथे पिल्लं घालायला), पण विंचवर असल्यामुळे मला फक्त इतरांचं "ओह्ह" ऐकू आलं. वाईट वाटलं नाही. खरंच नाही.

नागपूरकर मात्र गेला कामातून. दोन दिवस मजेत होता, बोट कलल्यावर रंग उतरला. क्रूने आल्याच्या गोळ्या आणि आल्याची बिस्किटं दिली. उलटी होण्याआधी खायची असतात ती, नंतर उपयोग नाही. आपल्याकडचा आलेपाक न्या, चवीला पण बरा. तो खालच्या बाजूला तोंड करून, "मी मरून राहिलो बे," आणि मी वरून, "लगा, क्षितिजाकडे बघ, क्षितिजाकडे!" तो म्हणाला, "कोनत्या? दोन दिसून राहिले."

एकूण शीड चाललं ते साडेतीन तास. पंचेचाळीस-सेहेचाळीस तासांच्या ट्रिपमध्ये साडेतीन. वारा लागलाच नसता तर मी आज एक स्टार देऊन मोकळा झालो असतो, ती रिस्क तुम्हाला घ्यावी लागणार, वाऱ्याची गॅरंटी कंपनी देऊ शकत नाही. हिवाळ्यात आग्नेयेचा वारा बऱ्यापैकी असतो, त्यामुळे जून-जुलै-ऑगस्ट बघा, पाणी गार असतं पण चालतं. पाचपैकी साडेतीन स्टार. दीड कापला तो गुहेचा, गादीचा आणि सूटच्या भाड्याचा. हिल इनलेटचा कापला नाही, तो मूर्खपणा माझा.

हॉस्टेलवर येऊन आंघोळीला गेलो तर जमीन हलत होती, भिंत धरून साबण लावला. बाहेर आलो तोवर रूममेटने स्टेटस टाकलेलं, बोटीच्या कडेवर बसलेला, मागे कललेलं शीड, केस उडतायत आणि गडी दात काढून हसतोय. उलटीच्या आधीचा की नंतरचा, विचारलं तर अजून सांगत नाही.