डायोक्लिशनची आठ जुळी नाणी आणि माझे ६६२ पौंड

आधीच सांगतो, मी नवशिका नाही. इंग्लंडात आल्यापासून रोमन साम्राज्याच्या उत्तरकाळातली ब्राँझची नाणी जमवतोय. नकली नाणी कशी खपवतात हे तुम्हाला माहीत आहे तसं मलाही होतं. तरी ६६२ पौंड ५० पेन्स गेले.

नाण्यांच्या एका प्रदर्शनातल्या टेबलावर रोमन सम्राट डायोक्लिशनची आठ नाणी होती. मागच्या बाजूला 'जेनियो पॉप्युली रोमानी' ही अक्षरं, टाकसाळ ट्रिअरची (आजच्या जर्मनीतलं शहर), सगळी म्हणे एकाच गाडग्यातली. एक ८५ ला, आठ ६८० ला, आणि कार्डाऐवजी थेट बँकेतून दिले तर ६५०. पार्सलचे साडेबारा वेगळे. (थेट बँकेतून कधीही देऊ नका.) ब्राँझची दहा नाणी एकत्र सापडली तर १९९६ च्या ट्रेझर कायद्याखाली (सापडलेल्या जुन्या खजिन्यांबद्दलचा इथला कायदा) कळवावं लागतं, ही आठच आहेत म्हणून कागद नाहीत, हेही विक्रेत्याने सांगितलं. मी न विचारता!

मी खिशातला वजनकाटा काढला. ९.४१ ग्रॅम. ९.३९. ९.४२. ९.४०. आणि मी खूश! काय एकसारखा लॉट, म्हणालो. आजही आठवलं की अंग जळतं. डायोक्लिशनने साधारण इ.स. २९४ मध्ये केलेल्या नाणेसुधारणेनंतरचं हे नाणं सुमारे १० ग्रॅमचं, एक रोमन पौंड वजनाच्या धातूतून ३२ पाडायची. पण टाकसाळीत हिशेब पौंडाचा होता, एकेक नाणं तोलत कोण बसतंय? म्हणून अस्सल नाणी ८ ची निघतात, ११ चीही निघतात. पुढे सम्राट कॉन्स्टंटाइनच्या काळात हेच नाणं घसरत तीन-साडेतीन ग्रॅमवर आलं, तिथेही तीच तऱ्हा. आठ नाण्यांत पाव ग्रॅमचाही फरक नाही म्हणजे ती रोमनांनी पाडलेलीच नाहीत.

पण सांगा, काट्यावर आपण काय बघतो? नाणं पुस्तकातल्या वजनाच्या जवळ आहे का, एवढंच. ती सगळी होती. नाणी एकमेकांशी ताडून कोण बघतं? बघा. व्यासही मोजा, कडही फिरवून पाहा. घरी भिंगाखाली आठही नाण्यांवर सम्राटाच्या हनुवटीसमोर एकाच जागी एकच खड्डा दिसला. एका साच्यातून ओतलेली. वजन जुळावं म्हणून वर कानशीही मारलेली.

बँक म्हणाली, पैसे तुम्हीच पाठवलेत, माल मिळालाय, मग फसवणूक कसली? पोलीस म्हणाले, हा दिवाणी मामला. ऑनलाइन तक्रार केली तर एक क्रमांक मिळाला, आणि नंतर पत्र, की पुढे काही करता येणार नाही. ग्राहकांसाठीच्या कार्यालयाने विचारलं, नाणी नकली असल्याचा लेखी दाखला आहे का? दाखल्यासाठी संग्रहालयात गेलो, तर ते विक्रीच्या वादात लेखी मत देत नाहीत. सगळ्यांनी मला एकमेकांकडे धाडलं आणि सगळ्यांनीच समाधान-सर्वेक्षणाचा फॉर्म मात्र न चुकता पाठवला.

पावती हाताने लिहिलेली असेल तर तिच्यावर 'अस्सल, अन्यथा पैसे परत' असं लिहून घ्या. माझ्या पावतीवर 'जुनी नाणी, ८ नग' एवढंच आहे.

पुढच्या प्रदर्शनात तो माणूस पुन्हा बसलेला. या वेळी 'ग्लोरिया एक्झर्सितुस' अशी अक्षरं असलेली छोटी रोमन नाणी, ट्रेभर. मी आयोजकांना गाठून सगळं सांगितलं, फोटो दाखवले. ते म्हणाले, त्या विक्रेत्याने टेबलाचं वर्षभराचं भाडं आगाऊ भरलंय.