तेलगळती: बूम-स्किमर की डिस्पर्संट?

बूम म्हणजे तरंगता पट्टा. त्याची पाण्याखालची झालर तेल अडवते आणि स्किमर ते उपसतो. तेल समुद्राबाहेर निघतं, म्हणून पहिली पसंती यालाच. पण आडव्या बूमवर प्रवाह साधारण 0.7 नॉटपेक्षा (ताशी सुमारे 1.3 किमी) जोरात आला की तेल झालरीखालून निसटतं. म्हणून बूम प्रवाहाला तिरका लावायचा, तेल कडेच्या शांत पाण्यात वळवायचं आणि स्किमर तिथे ठेवायचा.

डिस्पर्संट म्हणजे तेलावर फवारायचं रसायन. ते तेल काढत नाही, बारीक थेंबांत फोडून पाण्यात मिसळतं. ढोबळ प्रमाण 20 भाग तेलाला 1 भाग. लाटा हव्यात, तेल ताजं हवं. पाणी शिरून तेलाचा चॉकलेटी, घट्ट लगदा झाला की फवारणी वाया. मेक्सिकोच्या आखातात 2010 च्या डीपवॉटर होरायझन गळतीत सुमारे 70 लाख लिटर डिस्पर्संट वापरलं. स्किमरनी जेमतेम 3 टक्के तेल उचललं, असा अमेरिकी सरकारचा अंदाज. हा आकडा आजही बोचतो.

खोल, खवळलेल्या समुद्रात त्यामुळे फवारणी पटते. ठाण्याच्या खाडीत मात्र नकोच. तिथे पाणी उथळ, थेंब विरळ व्हायला जागा नाही, ते थेट कालवं-कोळंबीपर्यंत पोहोचतात. तिथे आधी तिवरांसमोर बूम.