टॉर्क रेंच घेऊन बडोद्याच्या मकरपुऱ्यात: एका कॅलिब्रेशन लॅबचा अनुभव

लॅबमधल्या पोरानं टॉर्क रेंच (ठरवलेल्या जोराला ‘टक्’ वाजणारा पाना) ५ न्यूटन-मीटरवर लावला, मापकात बसवला आणि सावकाश ओढला. ‘टक्’ वाजलं तेव्हा पडद्यावर आकडा होता ६.०८. पुन्हा ओढला, ६.१२. पाच वेळा ओढला आणि पाचही वेळा सहाच्या वरच. मी खुर्चीत सरसावून बसलो. याच रेंचनं गेल्या चार महिन्यांत आम्ही एका विमानाचे शंभरावर नट आवळले होते.

विमान खरं आहे. दोन माणसं बसतील असं, सगळं ॲल्युमिनियमचं, ख्रिस हाइन्ट्झ यांच्या ‘सीएच ७०१’ या १९८६ च्या डिझाइनचं. आपल्याकडे एनसीसीच्या हवाई शाखेनं याच जातीची मायक्रोलाइट, म्हणजे अगदी हलकी विमानं, वापरली आहेत. पंखाच्या पुढच्या कडेला कायमची बसवलेली एक पट्टी असते, तिच्यामुळे ते अगदी थोड्या धावपट्टीत उचलतं. आमचं अजून उचललेलं नाही. वाघोडिया रोडच्या पुढे मित्राच्या शेतात शेड आहे, तिथं ते चाकांवर उभं आहे, इंजिन जमिनीवर चालतं, आणि परवानगीच्या कागदांची फाइल विमानापेक्षा जड झाली आहे. उडवणार माझा भाचा, लायसन्स त्याच्याकडे आहे. मी आपला पानेवाला. नातेवाइकांना एवढंच कळतं की कॅप्टन अमोल यादवांनी कांदिवलीत गच्चीवर सहा आसनी विमान बांधलं होतं, तेव्हा आम्हीही दांडिया बाजारातल्या वाड्याची गच्ची पाडणार. राइट बंधूंच्या आधी विमान उडवल्याची कथा ज्यांच्याबद्दल सांगतात त्या शिवकर तळपद्यांचा विषय कुणीतरी काढतोच. मग चहा येतो.

आता कबुली. मी कोयलीच्या रिफायनरीत एकतीस वर्षं इन्स्ट्रुमेंटेशनला होतो. कॅलिब्रेशनचा (माप अचूक आहे का त्या तपासणीचा) स्टिकर नसलेला प्रेशर गेज मी कुणाला लाइनवर लावू दिला नाही, त्यापायी दोन शिफ्ट इन्चार्जांशी बोलणं बंद होतं. आणि स्वतःच्या शेडमध्ये काय केलं, तर रेंच शहरातल्या एका दुकानवजा लॅबमध्ये दिला (नाव लिहीत नाही), अर्ध्या तासात शिक्क्याचं सर्टिफिकेट घेतलं आणि फाइलला लावलं. त्यावर आकडे होते ५.००, १५.००, २५.००. पाचही वाचनं शेवटच्या शून्यापर्यंत सारखी. अख्ख्या नोकरीत असं गुणी उपकरण मी एकही पाहिलेलं नाही. तरी कागद वाचला नाही, नुसता पंच करून लावला. मकरपुऱ्याला गेलो तोही संशय आला म्हणून नव्हे. आमच्या एएमई (विमान देखभाल अभियंता) मित्रानं फाइल चाळताना ते पान उलटं करून टेबलावर ठेवलं आणि विचारलं, “हा रेंच कधी खरंच मापलाय का?”

तर लॅब मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे तिथल्या औद्योगिक वसाहतीत, सुसेन सर्कलकडून आत शिरल्यावर. तिचंही नाव देत नाही, कारण एकाचं झाकून दुसऱ्याचं लिहिलं की ती जाहिरात होते. शोधणं अवघड नाही. एनएबीएलची, म्हणजे लॅबना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची, मान्यता असलेल्या लॅबची व्याप्ती, म्हणजे कोणतं माप, कुठून कुठपर्यंत, एनएबीएलच्या वेबसाइटवर दिसते. भिंतीवर आयएसओ १७०२५ या लॅबसाठीच्या मानकाची फ्रेम आहे एवढ्यावर जाऊ नका. ती मान्यता तापमानासाठी असेल आणि टॉर्कसाठी नसेल, असंही होतं. ‘टॉर्क’ हा शब्द आणि तुमच्या रेंचचे आकडे त्या व्याप्तीत आहेत का ते बघा आणि मग फोन करा. फोन दहादा वाजल्यावर उचलतात, ते आधीच सांगून ठेवतो.

पहिली गोष्ट आवडली ती ही की त्यांनी रेंच लगेच हातात घेतला नाही. मे महिना, गाडीच्या डिकीतून आलेला रेंच जिलबीच्या कढईइतका तापलेला. पोरगा म्हणाला, तीन-चार तास एसीत राहू द्या. मी बाहेर जाऊन सेव-उसळ खाऊन आलो, दुपार काढली. परत आल्यावर त्यानं आधी पूर्ण ताकदीवर, २५ वर, पाच वेळा नुसता वाजवून घेतला, स्प्रिंग मोकळी व्हावी म्हणून. हे नियमातच आहे, पण करणारे कमी.

दुसरी गोष्ट मोठी. मी घाईघाईनं म्हटलं, जरा उघडून ग्रीस वगैरे घालून मग माप. तो हसला. “काका, पहेलां जेम छे एम मापीए.”

आधी आहे तसा मापू. मी कानकोंडा झालो, कारण हेच वाक्य मी शेकडो ट्रेनींना ऐकवलं आहे. दुरुस्त केलेला रेंच उद्या काय करील ते दुरुस्तीनंतरचे आकडे सांगतात. काल काय करून बसलाय ते फक्त आणला तशा अवस्थेतले आकडे सांगतात. विमानाच्या कामात प्रश्न कालचाच असतो. आधी उघडला असता तर मला ‘पास’चा गोड कागद मिळाला असता आणि ते शंभर नट तसेच राहिले असते.

आकडे असे आले. ५ वर सरासरी ६.१, १५ वर १५.९, २५ वर २५.५. अशा रेंचला चार टक्क्यांची सूट असते. वरच्या टोकाला तो पास होता, मध्ये नापास आणि खाली तर बावीस टक्के जास्त. कारण उघडल्यावर दिसलं. आतलं ग्रीस वाळून लाखेसारखं चिकटलेलं. स्प्रिंगला स्वतःचा जोर लावायच्या आधी त्या लाखेशी झगडावं लागत होतं, आणि ती झटापट दर वेळी साधारण तेवढ्याच जोराची. म्हणून मोठ्या आकड्यात ती लपून जाते, छोट्या आकड्यात डोळ्यात भरते. नेहमी वरच्याच आकड्यावर नट आवळणाऱ्याला हा रेंच जन्मभर फसवूनही कळणार नाही.

विमानात मात्र सगळा खेळ छोट्या आकड्यांचा. बोल्टच्या नावातच माप असतं: एएन-३ म्हणजे ३/१६ इंच, एएन-४ म्हणजे पाव इंच. एएन-३ ला २० ते २५ इंच-पाउंड, म्हणजे जेमतेम २.३ ते २.८ न्यूटन-मीटर. बाटलीचं झाकण घट्ट लावावं तेवढंच. एएन-४ ला ५० ते ७० इंच-पाउंड, ५.६ ते ७.९. गॅरेजमधला मोठा रेंच इतक्या खाली ‘टक्’ म्हणतच नाही. बोल्ट तुटतो आणि मग कळतं. त्यात नायलॉनचं कडं बसवलेला नट असेल तर तो टेकायच्या आधीच जड फिरतो, ते जडपण आधी मोजून वरून मिळवायचं असतं. आमच्याकडे ते ०.८ भरलं होतं.

त्या रात्री घरी कागद-पेन घेऊन बसलो. एएन-४ साठी आम्ही ६५ इंच-पाउंड धरले होते, म्हणजे ७.३, त्यात ०.८ मिळवून रेंच ८.१ वर. प्रत्यक्षात तो वाजला सुमारे ९.१५ ला. जडपण वजा केलं तर बोल्टवर ८.३५, म्हणजे ७४ इंच-पाउंड. बोल्ट तुटेल इतकं नाही. पण सत्तरच्या बाहेर, आणि आपण सत्तरच्या आत आहोत असं लिहून खाली सही केलेली. सही माझी. एएन-५ चे बोल्ट वाचले. तिथं हद्द १०० ते १४०, आमचा हिशेब १२८ च्या आसपास आला. एएन-३ साठी दुसरा, छोटा डायलचा रेंच होता. इंजिनाचा १० ते ६० चा रेंच मी सोबत नेला होता, तो दोन टक्क्यांत निघाला. तेव्हा कुठे जेवलो.

चौसष्ट एएन-४ नट निघाले. दोन रविवार गेले. नटावर आपण केशरी लाखेची रेघ ओढतो, नट हलला तर रेघ तुटते आणि दिसते. ती रेघ खरवडताना बायको शेडमध्ये आली होती. म्हणाली, “दिवाळीची रांगोळी पुसताय असं वाटतंय.” नट सगळे नवे घातले. पंखाच्या आधारदांड्याजवळचे आणि इंजिन-माउंटचे जे एएन-४ होते ते बोल्टही बदलले, बाकीच्यांचे आटे एएमई मित्रानं भिंगातून पाहून पास केले. त्या निमित्तानं एक आमची चूकही सापडली: फायरवॉलच्या (इंजिनामागच्या आगरोधक भिंतीच्या) पुढे, इंजिनाच्या बाजूला, दोन ठिकाणी नायलॉनचेच नट. तिथल्या उष्णतेत नायलॉन मऊ पडतो, पूर्ण धातूचे लागतात. ते कुणी घातले यावर मामा-भाच्यात अजून एकमत नाही.

खर्चाचं. कॅलिब्रेशन अकराशे, उघडून साफसफाई-ग्रीस-जुळवणी साडेतीनशे, वर जीएसटी, मिळून १,७११ रुपये. दुसऱ्या दिवशी रेंच मिळाला: ५ वर ५.०७, १५ वर १५.१, २५ वर २५.२. एकही शून्य-शून्य नाही, त्यामुळे विश्वास बसला. सर्टिफिकेटवर दुरुस्तीआधीचे आणि नंतरचे आकडे एकाच पानावर. पहिल्या दुकानात मी यांच्यापेक्षा चारशे कमी दिले होते. एएन-४ चे चौसष्ट नट कितीला पडतात ते विचारू नका, बायको हे वाचते.

तक्रारी आहेत. यांचा मापक ५ न्यूटन-मीटरच्या खाली जात नाही, म्हणजे विमानवाल्याला ज्याची सर्वांत जास्त गरज तोच एएन-३ चा रेंच इथं होत नाही. माझा छोटा डायलवाला अहमदाबादला कुरियरनं पाठवावा लागला. हे त्यांनी फोनवर सांगायला हवं होतं, तिथं गेल्यावर नव्हे. इंच-पाउंडमध्ये आकडे हवे असतील तर आधी लिहून द्यावं लागतं, नाहीतर फक्त न्यूटन-मीटर. शनिवारी बंद. आणि स्टिकर. पोरानं मन लावून, नीट घासून, बरोबर आकड्यांच्या खिडकीवर चिकटवला. घरी येऊन नखानं काढताना निम्मी तारीख गेली.

विषय निघालाच आहे तर इंजिनाबद्दल थोडं, कारण नट बदलल्यावर आम्ही ते पुन्हा चालवलं. रोटॅक्स ९१२, ऐंशी हॉर्सपॉवर, १२११ सीसी. वरची डोकी पाण्यानं थंड होतात, सिलिंडर हवेनं. ५८०० फेऱ्यांपर्यंत फिरतं आणि गिअरबॉक्समधून पंख्याला त्याच्या निम्म्याहून कमी फेऱ्या मिळतात. याचं तेल इंजिनाखाली नाही, वेगळ्या टाकीत असतं. म्हणून मोजायच्या आधी इग्निशन बंद करून पंखा हातानं, फिरायच्याच दिशेनं, हळूहळू फिरवायचा. सगळं तेल टाकीत परतलं की टाकीतून ‘गुडगुड’ आवाज येतो. पोट भरल्यावरची ढेकर अगदी. ती ऐकल्याशिवाय तेलाची काडी बघणं म्हणजे अंदाजपंचे.

पेट्रोलचं मात्र हसू येतं. रोटॅक्स दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल चालवून घेतो आणि आता बहुतेक पंपांवर ई-२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉलचंच मिळतं. विमानाचं पेट्रोल, १०० एलएल, इंडियन ऑइलनं २०२२ साली आणलं, तेही आमच्याच कोयलीच्या रिफायनरीत बनवून. पण त्यात शिसं असतं, आणि शिसं तेलात उतरतं. बहुतेक वेळ त्यावर चालवायचं तर तेल शंभर तासांऐवजी पन्नास तासांनी बदला. ज्या रिफायनरीनं मला पेन्शनपर्यंत पोसलं, तिचंच पेट्रोल माझ्या इंजिनाला पचत नाही.

लॅबला पाचातले चार तारे. पाचवा तारा त्या ५ न्यूटन-मीटरसाठी आणि स्टिकरसाठी कापला. पुढच्या मे महिन्यात किंवा पाच हजार ‘टक्’ झाले की, जे आधी होईल तेव्हा, पुन्हा तिथंच जाणार आहे. तुम्ही गेलात तर रेंच सकाळी दहालाच टाका, म्हणजे थंड व्हायचे तास दुपारच्या आत निघून जातात; देताना तो सर्वांत खालच्या आकड्यावर सोडवून द्या; आणि स्टिकर मुठीवर लावायला सांगा.