दहा रुपयांचं पत्रक अन् सोबत कागदाची झेरॉक्स

दीड वर्ष झालं हे पत्रक घ्यायलोय, म्हणून म्हणलं आता लिहावंच. मराठवाड्यातल्या एका विद्यापीठातली आठ-दहा पोरंपोरी मिळून महिन्याला आठ पानांचं पत्रक काढतात, दहा रुपयाला एक, गेटासमोरच्या झेरॉक्सवाल्याकडं मिळतं अन् पीडीएफ फुकट. विद्यापीठाचं नाव टाकत नाही, पत्रकाचंही नाही, पोरांनीच नको म्हणलं, परीक्षा तोंडावर आल्यात त्यांच्या.

मी काही विद्यार्थी नाही. मोंढ्यात आडतीवर हिशेब लिहितो, बहीण तिथं एमेस्सी करायलीय, तिनं पहिला अंक घरी आणला. आमच्या धंद्यात काटा पावती अन् हिशेबपट्टी असल्याशिवाय कुणी कुणाचं ऐकत नाही. शेतकरी म्हणतो माझं माप एवढं झालं, हमाल म्हणतो तेवढं नव्हतं, मग पावती काढायची अन् विषय संपवायचा. हे पत्रक मला आवडलं ते त्याच्यामुळंच. बातमी छापतात अन् तिच्याच बाजूला ज्या कागदावरनं बातमी केली तो कागद छापतात, सही-शिक्क्यासकट. "सूत्रांकडून समजते" हा शब्द दीड वर्षात एकदा पण दिसला नाही.

कागद आणतात कुठून तर माहिती अधिकारातून. २००५ चा कायदा, १२ ऑक्टोबरला लागू झालेला, सगळ्यांना ऐकून माहीत आहे पण आपण कोण वापरतो. जोडपत्र अ, म्हणजे अर्जाचा ठरलेला नमुना, भरायचा, दहा रुपयाचा कोर्ट फी स्टँप चिकटवायचा, बारनिशीत, म्हणजे कार्यालयात टपाल घेतात तिथं, देऊन पोच घ्यायची. तीस दिवसात उत्तर आलं पाहिजे. झेरॉक्सचे पानामागं दोन रुपये, अन् मुदत उलटून गेली तर तेही घेता येत नाहीत. एवढ्याच भांडवलावर ही पोरं विद्यापीठाचा कारभार वाचून दाखवायलेत.

आता आमच्या घरचंच सांगतो, कारण त्याच्यामुळं मी कायमचा गिऱ्हाईक झालो. २०२३ ला पावसानं दगा दिला, ३१ ऑक्टोबरला सरकारनं ४० तालुक्यात दुष्काळ जाहीर केला अन् १० नोव्हेंबरला आणखी १०२१ महसूल मंडळांत दुष्काळसदृश म्हणून सवलती लावल्या, आमचं मंडळ त्या दुसऱ्या यादीतलं. सवलतीत पोरांची परीक्षा फी माफ ही एक होती. बहीण तेव्हा कॉलेजात बीएस्सीला, तिनं फॉर्म भरताना फी भरलेली, पावती घरात. परत कधी मिळणार म्हणून कॉलेजात विचारलं तर विद्यापीठाकडून आलं नाही म्हणायचे, विद्यापीठात गेलं तर तुमच्या कॉलेजनं यादीच पाठवली नाही म्हणायचे. वडील दोनदा एसटीनं जाऊन आले. सोयाबीन हातचं गेलेलं, तिकिटाचे पैसे पण मोजून द्यायचे दिवस होते ते, अन् म्हातारा माणूस खिडकीवर तास तास उभा राहून परत आला. ते मी विसरलेलो नाही.

पत्रकवाल्या पोरांनी ह्याच्यावर तीनच ओळींचा अर्ज टाकला. कोणत्या कॉलेजची यादी कोणत्या तारखेला आवक झाली, आवक नंबर काय, पैसे कोणत्या तारखेला वर्ग केले. अठ्ठाविसाव्या दिवशी उत्तर आलं की माहिती संबंधित महाविद्यालयांकडं उपलब्ध आहे. ते पत्र त्यांनी जसंच्या तसं छापलं अन् शेजारी कलम ६(३) सोप्या भाषेत लिहिलं, की माहिती दुसऱ्या कार्यालयाकडं असंल तर अर्ज पाच दिवसात तिकडं पाठवायचं काम त्यांचंच असतं, अर्जदाराला जा तिकडं म्हणता येत नाही. मग वीस रुपयाचा स्टँप लावून पहिलं अपील, म्हणजे तिथल्याच वरच्या साहेबाकडं दाद. सुनावणीला दोन पोरी गेलत्या. त्याच्यानंतर आवक रजिस्टरच्या झेरॉक्स मिळाल्या अन् त्या पुढच्या अंकात आल्या, त्यात आमच्या कॉलेजची यादी पोचल्याची नोंद होती, वडील पहिल्यांदा गेले त्याच्या लई आधीची. म्हणजे यादी तिथंच होती. वडिलांनी ते पान चष्मा लावून वाचलं, तारखेवर बोट ठेवून दोनदा वाचलं, अन् घडी घालून पेटीत सातबाऱ्याच्या कागदांसोबत ठेवलं.

दोन महिन्यात बहिणीच्या खात्यावर पैसे आले. पत्रकामुळंच आले असं मी म्हणणार नाही, तसा कागद माझ्याकडं नाही. पण खिडकीवर "यादी आली नाही" हे वाक्य बंद झालं एवढं पक्कं, कारण त्याच्यानंतर जी पोरं गेली ती तो अंक हातात घेऊन गेली.

तिसऱ्या पानावर ते आपला अर्ज शब्दन्शब्द छापतात, कुणीही उतरून घेऊन स्वतःच्या नावानं टाकावा म्हणून. हे पान मला सगळ्यात जास्त कामाचं वाटतं. अर्ज कसा लिहायचा हे त्याच्यातूनच शिकलो. महाराष्ट्रात २०१२ पासून अर्जात एकच विषय अन् १५० शब्द असा नियम आहे, त्यामुळं पाल्हाळ चालत नाही. अन् "का" विचारायचं नाही. फी परत का दिली नाही असं विचारलं की उत्तर येतं हा प्रश्न माहितीच्या व्याख्येत बसत नाही, अन् ते खरंही आहे, कायदा रेकॉर्डवर जे आहे ते देतो, साहेबाचं मत देत नाही. म्हणून तारीख मागायची, नंबर मागायचा, टिपणीची, म्हणजे फायलीवर साहेबलोक लिहितात त्या शेऱ्याची, प्रत मागायची. "का" चं उत्तर त्या टिपणीतच असतं बहुतेक.

दुसरं, परीक्षेवरचा एक अंक लई गाजला आमच्याकडं. आपली तपासलेली उत्तरपत्रिका आपल्याला बघायला मागता येते हे सुप्रीम कोर्टानं २०११ लाच सांगितलंय, सीबीएसई विरुद्ध आदित्य बंदोपाध्याय ह्या निकालात. पोरं पुनर्मूल्यांकनाची फी भरतात अन् नशिबावर सोडून देतात. त्या अंकात एका पोरानं आपली उत्तरपत्रिका मागवली ती छापलीय, आतल्या पानावरच्या मार्कांची बेरीज अन् पहिल्या पानावरचा आकडा जुळत नव्हता. पोराचं नाव अन् सीट नंबर काळ्या शाईनं झाकलेला, तपासणाऱ्याची सही पण झाकलेली. हे मला फार आवडलं. सुरुवातीच्या एका अंकात त्यांनी पोरांची नावं असलेली यादी तशीच छापली होती, बहिणीच्या मैत्रिणीनं जाऊन तक्रार केली, तेव्हापासून एक पण नाव उघडं दिसलं नाही. कायद्यात पण द्यायचं तेवढं देऊन खाजगी भाग वेगळा काढायची सोय आहे, तेच हे छापताना करायलेत.

सगळंच काही अर्ज टाकून मिळवत नाहीत. एनआयआरएफला, म्हणजे केंद्राच्या क्रमवारीला, जी माहिती पाठवली ती वेबसाइटवर टाकावी लागते, कॉलेज-विद्यापीठांचा दर्जा ठरवणाऱ्या नॅकला दिलेला स्वयंमूल्यमापन अहवाल टाकावा लागतो, अन् माहिती अधिकाराच्या कलम ४ खाली १७ बाबी न मागता जाहीर करायच्या असतात. पोरं ते उघडून बसतात अन् एका विभागात कागदावर किती मास्तर अन् वर्गावर किती ते मोजून लिहितात. ह्यावर जास्त लिहित नाही, ते सदर वाचायला जरा कोरडं आहे.

एका अंकात अमेरिकेतल्या दोन विद्यार्थी पेपरांवर लिहिलेलं, ते मात्र मी वाचून शेठला पण वाचायला दिलं. नॉर्थ कॅरोलिनाच्या डेली टार हील ह्या पेपरनं लैंगिक अत्याचारात दोषी धरलेल्यांची नावं अन् शिक्षा २०१६ ला विद्यापीठाकडं मागितली, नाही म्हणले, पोरं कोर्टात गेली अन् २०२० ला तिथल्या राज्याच्या सुप्रीम कोर्टात जिंकली. केंटकीत तर उलटंच, विद्यार्थी पेपरनं एका प्राध्यापकाच्या चौकशीचे कागद मागितले, राज्याच्या अटर्नी जनरलनं, म्हणजे सरकारच्या मुख्य वकिलानं, द्या म्हणलं, तर विद्यापीठानंच २०१६ ला पोरांच्या पेपरवर केस टाकली. २०२१ ला तिथल्या सुप्रीम कोर्टाचा निकाल पेपरच्या बाजूनं लागला. चार-पाच वर्षं! ज्यांनी कागद मागितले ती पोरं तोवर पास होऊन गेली असतील, पुढच्या पोरांनी लढा धरून ठेवला. इथल्या पोरांनी पण तेच ओळखलंय वाटतं, कारण शेवटच्या पानावर एक तक्ता असतो, कोणता अर्ज कधी टाकला, उत्तर कधी आलं, अपील कुठं अडकलंय. छत्रपती संभाजीनगरच्या माहिती आयोगाच्या खंडपीठाकडं गेलेली दुसरी अपिलं पण त्यात आहेत. ज्यानं टाकलं तो विद्यापीठातून गेला तरी ओळ तशीच राहते.

आता खटकतं ते पण लिहितो. अक्षर लई बारीक आहे, कागदाच्या झेरॉक्सवरचा शिक्का तर भिंगानं बघावा लागतो. पीडीएफ स्कॅन करून जोडतात त्यामुळं एवढी जड होती की आमच्या गावात नेटवर्कवर उतरतच नाही, कमी साइजची वेगळी काढा राव. अंक वेळेवर येत नाही, पण तीस दिवस उत्तराला अन् वर अपिलाला तीस ते पंचेचाळीस, म्हणून ते मी धरत नाही. खरी तक्रार ही की सगळं विद्यापीठाच्या आवारातलंच असतं. तालुक्याच्या कॉलेजात पोरं जास्त आहेत अन् तिथं विचारणारं कुणी नाही. अनुदानित कॉलेजला पण हा कायदा लागू आहे, तिथले दोन-चार पोरं धरा, जोडपत्र शिकवा, आम्ही इकडून कागद गोळा करून देतो.

अन् एकदा मथळा चुकला होता. कमवा आणि शिका योजनेतल्या पोरांचे पैसे उशिरा दिल्याचा कागद होता अन् मथळ्यात घोटाळा लिहिलं. कागदात उशीर होता, घोटाळा नव्हता. मी फोन करून सांगितलं तर पुढच्या अंकात पहिल्या पानावर दुरुस्ती आली, तेवढ्याच मोठ्या अक्षरात. तेव्हा माझा भरवसा कमी नाही झाला, वाढलाच.

पाचपैकी साडेचार देतो. वर्गणी वर्षाची शंभर ठेवलीय, मी दोन वर्षांची भरली अन् आडतीवर पण एक प्रत लावली, हमालांची पोरं शिकायलेत ती वाचतात. पुढचा अंक वसतिगृहाच्या पाण्याच्या टँकरवर आहे म्हणे. ह्या वेळी झेरॉक्स न मागता पोरं स्वतः जाऊन रजिस्टर बघून आलीत, कार्यालयात बसून बघायला पहिला तास पैसे लागत नाहीत, अन् दिवाळीच्या सुट्टीतल्या खेपांच्या नोंदी त्यांनी उतरून आणल्यात. वडिलांनी आत्ताच सांगून ठेवलंय, आला की पहिल्यांदा मला दे.